शिकारीचा बंदोबस्त

पुण्यात सदाशिव पेठेत आमच्या मामांचा वाडा होता. म्हणजे वाडा मामांचा नव्हे. मामा त्यात तीन खोल्यांचे भाडेकरू होते. पण संध्याकाळी ते ज्या थाटात दारात उभे राहत, त्यावरून खरा मालक कोण याबद्दल नव्या पोस्टमनचा नेहमी घोटाळा होई. या तीन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, दाराच्या बरोबर वर, हरणाच्या शिंगांची एक भलीमोठी जोडी टांगलेली होती. पावसाळ्यात तिच्यावर छत्र्या वाळत, उन्हाळ्यात टोप्या विसावत, आणि बाराही महिने कोणी ना कोणी पाहुणा तिच्याखाली उभा राहून विचारी, "काय हो, ही शिंगं कसली?"

मामा याच प्रश्नाची वाट पाहत असत.

"बारशिंगा!" ते म्हणत. "काश्मीरचा. बारा हजार फुटांवरचा. समोर बर्फ, मागे दरी आणि मधे मी."

यापुढची हकिगत पाहुण्याच्या चेहऱ्याप्रमाणे बदलत असे. पाहुणा भित्रा असला तर मधे एक अस्वल येई. पाहुणा जावई असला तर दोन येत. आम्हा भाच्यांच्या दृष्टीने मामा हा पेठेतला एकमेव शूर पुरुष होता. एकदाच, आठ वर्षांचा असताना, मी खुर्चीवर चढून त्या शिंगांची टोकं मोजली. अकरा भरली. मी म्हटलं, "मामा, बारशिंग्याला ही अकराच आहेत."

"बारावं माझ्या गोळीनं उडालं," मामा शांतपणे म्हणाले. मामी आतल्या खोलीत का हसली, ते तेव्हा मला कळलं नाही.

ते कळायला १९७२ साल उजाडावं लागलं. त्या साली देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि पुढं असं ठरलं, की ज्यांच्या घरी काही ठरावीक प्राण्यांची कातडी, शिंगं वगैरे असतील त्यांनी ती सरकारला कळवावीत. मामा आयुष्यभर मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून. बंदुकीशी त्यांचा संबंध बंदुकांच्या बिलांपुरता. पण सरकारी कागदावर खोटं लिहायचं म्हटलं की त्यांचा हात लुळा पडे. शिंगं कुठून आली हे लिहायची वेळ आली, तेव्हा ते अर्धा तास टाक हातात धरून बसले आणि शेवटी त्यांनी लिहिलं : "१९४७ साली कँपात एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात विकत घेतली. किंमत रुपये पाच."

शिंगं मापासाठी खाली उतरवली तेव्हा मागच्या लाकडावर चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठीही दिसली. तिच्यावर इंग्रजीत सुबक अक्षरांत लिहिलं होतं : काश्मीर, सिंध व्हॅली, ऑक्टोबर १९०३. अकरा टोकं. एक्केचाळीस इंच.

म्हणजे बारावं टोक कधी नव्हतंच. आणि अस्वलंही नव्हती.

मामांचा शूरपणा गेला याचं मला दुःख झालं, पण त्या चिठ्ठीनं दुसरंच वेड लावलं. मी नुकताच बँकेत लागलो होतो आणि जगातली प्रत्येक गोष्ट लेजरमध्ये बसते अशी माझी श्रद्धा होती. या साहेबानं शिकार केली, तर ती कशी केली? किती दिवस, किती माणसं, किती खर्च? मी एक कोरी वही आणली, वर लिहिलं, "काश्मीर, ऑक्टोबर १९०३" आणि लायब्ररीतून जुनी शिकारीची पुस्तकं आणून एका मेलेल्या साहेबाच्या शिकारीचा बंदोबस्त करायला बसलो. लग्नानंतर आमच्या हिनं ती वही पाहिली. म्हणाली, "तुमच्यानं झुरळ मरत नाही. झाडू मला मागता आणि स्वतः स्टुलावर चढता."

पण ही वही काही मी मारण्यासाठी लिहीत नव्हतो. मला बंदोबस्ताचं कौतुक होतं. आणि तुम्हाला सांगतो, हा शब्दही साहेबानं आपलाच नेला. आता बंदोबस्त म्हटलं की आपल्याला चौकातले पोलीस आठवतात. साहेबाच्या डायरीत 'बंदोबस्त' म्हणजे तंबू, खेचरं, अंडी, ओझेवाले आणि शिकारी यांची मोट बांधणं.

आधी हरणाची ओळख करून द्यायला हवी. मामा ज्याला बारशिंगा म्हणत तो कान्हाच्या जंगलातला बारशिंगा नव्हे. काश्मिरातल्या या हरणाचं खरं नाव हांगुल. युरोपातल्या तांबड्या हरणाच्या गोतातला हा पूर्वेकडचा नातेवाईक. उन्हाळ्यात तो उंच कुरणांवर जातो, थंडी पडू लागली की खालच्या दऱ्यांत उतरतो. नराची शिंगं दर वसंतात गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. वरचं मखमली कातडं भाद्रपदाच्या आसपास झडलं, की नवरदेव तयार. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात तो माजावर येतो आणि सगळी दरी दणाणून सोडत डुरकतो.

एरवी दाट झाडीत पाच पावलांवर असूनही न दिसणारा हा प्राणी वर्षातून एक महिना आपला पत्ता ओरडून सांगतो. प्रेमात पडलेल्या माणसाचंही तेच होतं. फक्त त्याच्यावर कोणी दुर्बीण रोखून बसलेलं नसतं. साहेबांनी ऑक्टोबर निवडला तो चिनारांचे रंग पाहायला नव्हे.

आता साहेब काश्मिरात पोचलाच कसा? १८४६ साली अमृतसरच्या तहानं इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगांना ७५ लाख नानकशाही रुपयांना देऊन टाकलं. वर दरसाल एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा शेळ्या आणि शालींच्या तीन जोड्या द्यायचं ठरलं. तह वाचताना आपण लग्नातल्या देण्याघेण्याची यादी वाचतो आहोत असं वाटतं. एवढं झाल्यावर साहेबाच्या लक्षात आलं, की पंजाबच्या उन्हाळ्यात भाजून निघायचं आणि शेजारची थंडगार दरी विकून बसायचं, हा काही शहाणपणा झाला नाही. मग तो सुट्टी काढून तिकडं जाऊ लागला.

आणि सुट्टीवर गेलेला इंग्रज स्वस्थ बसत नाही. १८६९ साली किनलॉक नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं तिबेट आणि वायव्येकडच्या मोठ्या शिकारीवर पुस्तक काढलं. पुढं १८८० नंतर वॉर्ड नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं काश्मीर आणि लडाखच्या शिकारीची वाटाड्याच लिहिली. आपल्याकडे जशी अष्टविनायक यात्रेची छोटी पुस्तकं मिळतात, त्यातलाच प्रकार. मुक्काम कुठं करावा, मजल किती, रसद कुठं मिळेल, कोणत्या दरीत कोणतं जनावर. फरक एवढाच, की आपण देवाला हात जोडून परत येतो आणि ते देवच घरी घेऊन येत.

माझ्या वहीतला पहिला खर्च प्रवासाचा. रावळपिंडीपर्यंत आगगाडी, तिथून मरीमार्गे टांगा. झेलमच्या काठानं बारामुल्ला आणि मग श्रीनगर. सुमारे दोनशे मैल. श्रीनगरला हाउसबोटीत मुक्काम, कारण महाराजांच्या राज्यात गोऱ्या माणसाला जमीन घेता येत नसे. तेव्हा साहेबानं पाण्यावर घर केलं. नियम मोडायचा नाही आणि पाळायचाही नाही, यात तो आपल्या चाळीतल्या भाडेकरूंचा गुरू शोभला असता.

दुसरा खर्च सामानाचा. तंबू दोन : एक साहेबाचा, एक नोकरांचा. घडीची खाट, घडीची खुर्ची. अंघोळीचं टब. बारा हजार फुटांवर, जिथं मला तोंड धुवायचं नुसतं मनात आलं तरी हुडहुडी भरली असती, तिथं हा माणूस टब घेऊन जाई! खेचराच्या पाठीवर बसणाऱ्या चामड्याच्या पेट्या, त्यांना म्हणत यखदान. पायाला पट्ट्या, त्याही आपल्याच, साहेबानं त्यांना 'पटीज' केलं. आणि खडकावर घसरू नये म्हणून गवताच्या दोरीचे विणलेले काश्मिरी जोडे. बूट विलायतचे, पण जीव प्यारा असला की पायात गवत.

तिथं हवा इतकी विरळ, की साडेतीन हजार मीटरवर तिचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशही भरत नाही. पाणी शंभर अंशांच्या बऱ्याच आधी उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. ही म्हणाली, "कुकर नेला नव्हता का?" १९०३ सालात कुकर कुठला? पण बंदोबस्तातली ही पहिली खरी चूक तिनंच काढली हे कबूल केलं पाहिजे.

तिसरा खर्च माणसांचा. साहेब एक. त्याच्यामागं मोठा शिकारी, छोटा शिकारी, खानसामा आणि डबा वाहणारा टिफिन-कुली. शिवाय पंचवीस-तीस किलो ओझं पाठीवर घेऊन चढणारे गावकरी. शिकारी लोक साहेबांनी दिलेली प्रशस्तिपत्रकं पोटाशी बांधून असत. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे आणि लिहिणारे साहेब मिस्कील. त्यामुळं "हा मनुष्य उत्तम झोपतो" असली चिठ्ठीही तो बिचारा अभिमानानं पुढं करी.

या चिठ्ठ्यांना मी पुष्कळ दिवस हसलो. मग वॉल्टर लॉरेन्सचं १८९५ सालचं काश्मीरवरचं पुस्तक हाती आलं. हा जमाबंदीचा अधिकारी, म्हणजे हिशेबाचाच माणूस, माझ्या जातीचा. त्यानं बेगारीबद्दल लिहिलं आहे. आपल्या 'वेठबिगारी'तला बिगार तो हाच. राज्याचा हुकूम आला की शेतकऱ्यानं नांगर टाकायचा आणि ओझं उचलायचं. गिलगिटच्या वाटेवर नेलेले कितीतरी लोक घरी परतलेच नाहीत. माझ्या वहीत मी 'ओझेवाले' या रकान्यासमोर रोजाचा दर लिहायला जागा सोडली होती. लॉरेन्स वाचल्यावर त्या जागेत काय लिहावं ते सुचेना. ती अजून कोरी आहे.

चौथी बाब जागेची. चांगली दरी मिळवण्यासाठी साहेबांमध्ये अक्षरशः शर्यत लागे. ज्याचा तंबू आधी पडला त्याची दरी, असा अलिखित कायदा. त्यामुळं सुट्टी सुरू झाली रे झाली, की एका दिवसात दोन-दोन मजला मारत हे लोक निघत. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला आपली नव्हे, हे मला तेव्हा कळलं. पुढं काश्मीर दरबारानं शिकारीसाठी वेगळं खातंच काढलं. परवाना आला, फी आली, किती नर मारावेत याची मर्यादा आली.

आणि पाचवी बाब वाऱ्याची. ही मला सर्वांत आवडली. हांगुल डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो. पण विश्वास ठेवतो तो नाकावर. डोंगरात सकाळी ऊन चढलं की तापलेली हवा उताराला लागून वर सरकते. संध्याकाळी गारठली की तीच खाली वाहते. तेव्हा सकाळी ऊन चढायच्या आत शिकाऱ्यानं हरणाच्या वर असलं पाहिजे. नाही तर त्याच्या आधी त्याचा वास वर पोचतो. म्हणजे अंधारात उठायचं, थंडीत चढायचं, वर जाऊन दगडाआड पालथं पडायचं आणि हवा फिरायच्या आत परतायचं. विडी नाही, खोकला नाही. मामांना हे जमणं शक्यच नव्हतं. त्यांचा खोकला आप्पा बळवंत चौकात ऐकू येई.

असा माझा बंदोबस्त पुरा झाला. प्रवास, सामान, माणसं, जागा, वारा. बँकेच्या सवयीप्रमाणं मी ताळेबंद मांडायला बसलो. खर्चाची बाजू काठोकाठ भरलेली. मग जमेच्या बाजूला लिहिलं, 'हांगुल' आणि थांबलो. किती?

साहेबानं टोकं मोजली होती : अकरा. शिंगं मोजली होती : एक्केचाळीस इंच. अंडी, काडतुसं, मैल, मजला, सगळं मोजलं होतं. दरीत हरणं किती, हे मात्र माझ्या समोरच्या कुठल्याच बंदोबस्तात नव्हतं. ती असतातच, असं धरून सगळे चालले होते. आमच्या बँकेत असं धरून चालणाऱ्याला घरी बसवतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मिरात तीन ते पाच हजार हांगुल असावेत असा अंदाज पुढच्या लोकांनी मागं वळून बांधला. १९१० साली महाराजांनी श्रीनगरजवळचं डाचीगाम राखून ठेवलं, तेही हरणांसाठी नव्हे. शहराला पिण्याचं पाणी स्वच्छ मिळावं म्हणून. डाचीगाम म्हणजे दहा गावं. पाण्यासाठी ती उठवली आणि त्यांची आठवण नावापुरती उरली. राखलेल्या रानात महाराज आणि त्यांचे पाहुणे शिकार करीत. गावकऱ्याच्या शेतात हांगुल शिरला तरी त्यानं हात उगारायचा नाही. मग १९४७ साली राज्य बदललं, पहारे सैल झाले, बंदुका वाढल्या, कुरणांवर मेंढ्यांचे कळप चढले. तेव्हा दोनेक हजार असलेले हांगुल पुढच्या वीस-बावीस वर्षांत भराभर संपत गेले. ज्या गावकऱ्यानं इतकी वर्षं शेत खाऊ घातलं होतं, त्याच्याकडून या हरणासाठी रडण्याची अपेक्षा करणं जरा जास्तच होतं.

१९६९ साली जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाचा हांगुलवरचा लेख प्रसिद्ध झाला, तो आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. तोवर आकडा दीडशे-दोनशेच्या घरात आला होता. आमच्या मामांच्या दारावर छत्र्या वाळत होत्या त्याच काळात ती शिंगं धारण करणारी जातच जगातून उठायला आली होती, आणि आम्ही खाली उभे राहून बारावं टोक शोधत होतो.

पुढं १९७८ साली जम्मू-काश्मीरनं स्वतःचा वन्यजीव कायदा केला आणि १९८१ साली डाचीगाम राष्ट्रीय उद्यान झालं. आणि उशिरा का होईना, लोक हरणं मोजू लागले. २००८ सालच्या मोजणीत सव्वाशेच्या आसपास, २०१५ मध्ये १८६, २०२३ मध्ये २८९. या मोजणीचं वर्णन वाचलं तेव्हा मला हसू आलं. नकाशावर रानाचे तुकडे पाडायचे, तुकड्या नेमायच्या, पहाटे निघायचं, बोलायचं नाही, दुर्बीण लावायची. नर किती, माद्या किती, पाडसं किती. हा सगळा तोच बंदोबस्त! फक्त बंदूक वजा आणि जमेचा रकाना भरलेला.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं यात्रा कंपनीबरोबर काश्मीरला गेलो. बाकीची मंडळी शाली घ्यायला गेली तेव्हा मी परवान्याच्या खटपटीत होतो. ही म्हणाली, "पन्नास वर्षं बंदोबस्त चाललाय. एकदाची होऊन जाऊ द्या शिकार." दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आम्ही डाचीगामच्या खालच्या रानात, दगवान ओढ्याच्या काठानं चालत होतो. माझे गुडघे बारा हजार फुटांच्या लायकीचे उरले नव्हते. तेव्हा सपाट रस्ता. बरोबर वनरक्षक.

"आवाज करू नका," तो हिंदीत म्हणाला. "अस्वल असतं इथं."

मामांची आठवण झाली. अस्वल अखेर खरं निघालं.

तासभर काही नाही. अक्रोडाची पिवळी पानं, ओढ्याचा आवाज, आणि माझ्या स्वेटरच्या आत घुसणारी थंडी. वनरक्षकानं मूठभर सुकी माती बोटांतून सोडून पाहिली, वारा कुठला ते. मी लगेच हिला वहीतलं पान सांगायला लागलो, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

वरच्या उतारावरून आवाज आला. आधी घशातली घरघर, मग लांबलचक, चढत जाणारी डुरकी, आणि शेवटी कोणीतरी मोठा सुस्कारा सोडावा तशी. दरीच्या दुसऱ्या अंगाला आम्ही कान दिला. कोणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं तोच पुन्हा ओरडला. आम्ही बराच वेळ थांबलो. दिसलं काहीच नाही. वनरक्षक अदबीनं म्हणाला, "साहेब, उद्या याल तर कदाचित दिसेल." मला कोणी साहेब म्हटलं आणि मी तिथं उभा होतो, हे मामांनी पाहायला हवं होतं.

परतीच्या गाडीत ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला उत्तर कोणीच का दिलं नाही हो?"

माझ्याकडे वही होती, पण त्याचा रकाना तिच्यात नव्हता.

मामांच्या पश्चात रीतसर अर्ज करून ती शिंगं माझ्याकडे आली आहेत. छत्र्या आता दुसऱ्या खुंटीवर. घरी आल्यावर मी शिंगं खाली उतरवली आणि १९०३ च्या त्या पिवळ्या चिठ्ठीखाली दुसरी चिकटवली : डाचीगाम, ऑक्टोबर २०२३. दिसला नाही. आवाज एक.

परवा आमचा नातू खुर्चीवर चढून टोकं मोजत होता. "आजोबा, बारशिंगा ना? मग अकराच कशी?"

मी मामांची गोष्ट सांगणार होतो. पण म्हटलं, जाऊ दे. त्याला म्हटलं, "बरोबर मोजलीस. आता ती मोजून झाली. दोनशे एकोणनव्वदपर्यंत आकडे येतात का तुला?"